पाश्चात्य संगीताचा इतिहास म्हणजे दहा माणसांची यादी नव्हे

पाश्चात्य शास्त्रीय संगीताचा विषय निघाला की आपल्याकडे वाद दोन ठरलेल्या वाटांनी जातो. एक गट यादी घेऊन बसतो, बाख, मोझार्ट, बीथोव्हेन, वाग्नर, स्ट्राव्हिन्स्की, आणि मग सगळ्यात मोठा टप्पा कुठला, बीथोव्हेनची नववी सिंफनी की स्ट्राव्हिन्स्कीचं 'राइट ऑफ स्प्रिंग' हे नृत्यनाट्य, यावर रात्री जागवल्या जातात. दुसरा गट म्हणतो हे सगळं कागदावरचं संगीत, लिहून दिलंय तेवढंच वाजवायचं, ख्यालात जसं गाता गाता सुचतं तसं त्यात काही नाहीच, मग त्याचे टप्पे मोजून करायचंय काय. दोन्हीकडची मंडळी मनापासून ऐकणारी आहेत, त्याबद्दल शंका नाही. पण माझं स्पष्ट मत असं आहे की दोघंही एकाच चुकीवर उभे आहेत. जे चित्र दोघं हजार वर्षांचं समजतायत ते खरं तर एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः जर्मन भाषिक शहरांत, तयार झालंय. थोर माणूस, त्याची अजरामर कृती, समोर गप्प बसलेले श्रोते आणि कागदावरची एकही खूण इकडची तिकडे न करणारा वादक, हे सगळं एकत्र आलं ते दीड-दोनशे वर्षांपूर्वी. त्याआधीच्या आठशे वर्षांत या संगीताला जी मोठी वळणं लागली ती रेघांमुळे, छापखान्यामुळे, तिकिटामुळे आणि वाद्याच्या पोटातल्या यंत्रामुळे, आणि टप्पे मोजायचेच असतील तर तिथून मोजायला हवेत.

अकराव्या शतकातल्या, इटलीतल्या आरेत्सो या गावापासून सुरुवात करू. ग्विदो नावाचा बेनेडिक्टाइन साधू तिथे कॅथीड्रलमधल्या मुलांना गाणं शिकवायचा. त्याच्या आधी चर्चमधलं गाणं लिहायची पद्धत काय होती? शब्दांच्या वर बारीक खुणा, आवाज चढला की उतरला एवढंच त्यातून कळायचं, किती चढला ते नाही. म्हणजे चाल आधीच पाठ असेल तरच त्या खुणांचा उपयोग, नसेल तर गुरूशिवाय गत्यंतर नाही. ग्विदोने 1026च्या सुमारास रेघांची पद्धत पक्की केली, एक रेघ लाल, एक पिवळी, कुठली रेघ म्हणजे कुठला सूर हे ठरवून टाकलं. शिवाय एका लॅटिन स्तोत्राच्या ओळी एकेक सूर वर चढत सुरू होतात हे हेरून त्या ओळींच्या पहिल्या अक्षरांनी सुरांना नावं दिली, उत (पुढे याचंच 'दो' झालं), रे, मी, फा, सोल, ला. त्याने एका सहकारी साधूला लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं, त्यात तो म्हणतो की पूर्वी दहा वर्षं घासूनही गायक अर्धवटच राहायचा, आता एका वर्षात, फार तर दोन वर्षांत तयार होतो. तेव्हाचे पोप जॉन एकोणिसावे यांनी त्याला रोमला बोलावून घेतलं आणि कधीही न ऐकलेली एक ओळ स्वतः पुस्तकात बघून गाऊन पाहिली. विचार करा, जे गाणं आयुष्यात कधी कानावर पडलेलं नाही ते कागदावरून गळ्यात येतं! माझ्या मते हजार वर्षांत याहून मोठी घटना या संगीतात घडलेली नाही, आणि ग्विदोची एखादी अजरामर रचना म्हणून आज काहीच वाजत नाही, त्यामुळे यादीवाल्यांच्या पहिल्या दहांत त्याला जागाच मिळत नाही.

इथे दुसऱ्या गटाचा सगळ्यात तगडा मुद्दा येतो आणि तो मान्य केलाच पाहिजे. लिहिणं म्हणजे सत्ता. रोमची आणि फ्रँक राजांची इच्छा होती की सगळ्या चर्चमध्ये एकसारखं गाणं असावं, आणि त्या ओढाताणीत स्थानिक परंपरा मेल्या. गॉलमधली जुनी गायकी गेली, दक्षिण इटलीत बेनेव्हेंतोची गेली, स्पेनमध्ये 1080 साली बुर्गोसच्या धर्मसभेनंतर तिथल्या जुन्या उपासनेच्या जागी रोमन पद्धत आली आणि जुन्या गाण्याच्या ज्या पोथ्या उरल्या त्यांतल्या बहुतेक आज कुणालाच वाचता येत नाहीत, कारण खुणा आहेत पण रेघा नाहीत. हे नुकसान खरं आहे, भरून न येणारं आहे. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो ते बघा. त्या गायक्या आज नाहीत कारण त्या रेघांवर उतरल्या नाहीत. लिखाणाने त्यांना मारलं म्हणायचं की लिखाण नशिबी आलं नाही म्हणून त्या मेल्या म्हणायचं? दोन्ही थोडं थोडं खरं आहे, आणि एवढी उलथापालथ करणारी गोष्ट टप्पा नाही तर काय आहे? टप्पा म्हणजे प्रगतीच असली पाहिजे असं कुणी सांगितलंय?

छापखान्याचं थोडक्यात सांगतो. 1501 साली व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुचीने सुट्या खिळ्यांनी एकाच वेळी गायच्या अनेक सुरावटींच्या संगीताचं पहिलं पुस्तक छापलं, तोच कागद पुन्हा पुन्हा यंत्राखालून काढायचा, एकदा रेघा, एकदा सूर, एकदा अक्षरं, आणि सगळं केसभरही न सरकता जुळवायचं. पुढच्याच वर्षी त्याने जोस्कँ या एकाच संगीतकाराच्या रचनांचं स्वतंत्र पुस्तक काढलं. संगीतकाराचं नाव हे विकाऊ झालं ते तेव्हापासून. जोस्कँ 1521 साली वारला आणि त्यानंतर छापखानेवाल्यांनी त्याच्या नावावर इतक्या परक्या रचना खपवल्या की तो जिवंतपणी लिहीत होता त्यापेक्षा मेल्यावर जास्त लिहितोय असं त्याच शतकात लोक बोलायला लागले. थोर माणूस ही कल्पनासुद्धा बाजारातून आली, आधी छापखाना आणि मग त्याच्या मागे नाव.

आता तिकीट. ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक, सुरू झाला राजवाड्यांत, मॉन्तेव्हेर्दीचा 'ऑर्फेओ' 1607 साली मांतुआच्या दरबारात निवडक पाहुण्यांसमोर झाला. 1637 साली व्हेनिसमध्ये सान कासियानो थिएटर उघडलं, पैसे द्या आणि आत या. तीस वर्षांत केवढा फरक पडला! सत्तरी ओलांडलेला तोच मॉन्तेव्हेर्दी मग या तिकीटवाल्या लोकांसाठी लिहायला लागला आणि 1643च्या 'पोपेआ'मध्ये देवादिकांची जागा रोमच्या बादशहाच्या भानगडींनी घेतली. आपल्याकडे 1880 साली किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात तिकिटावर उभं राहिलं आणि शास्त्रीय गाणं मैफलीतून थिएटरात, पिटातल्या प्रेक्षकापर्यंत पोचलं, तेव्हा गाण्याचं काय झालं हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको, पदं आटोपशीर झाली, वन्समोअर आला, गवयाचा नट झाला. त्याला आपण टप्पा म्हणतो ना? मग व्हेनिसच्या त्या थिएटरला का नाही म्हणायचं?

तिकिटाशिवाय संगीतकाराचं आयुष्य कसं होतं ते ऑस्ट्रियन संगीतकार हायडनच्या 1761च्या करारात दिसतं. एस्तरहाझी या सरदार घराण्याची नोकरी, त्यात लिहिलंय की गणवेशात राहायचं, पांढरे मोजे, पांढरं स्वच्छ कापड, केसांना पावडर, रोज दोनदा दिवाणखान्याबाहेर हजर राहून आज संगीत हवंय का ते विचारायचं, आणि जे लिहाल ते बाहेर कुणाला द्यायचं नाही. ही शेवटची अट 1779च्या नव्या करारात गेली, आणि त्यानंतर हायडनची छापील संगीतं युरोपभर गेली, इतकी की 1791 साली तो लंडनला उतरला तेव्हा तिथे त्याचं नाव आधीच घराघरात होतं. हायडन तोच, त्याचं डोकंही तेच. बदललं ते करारातलं एक कलम.

यादीवाल्यांचा खरा जोरदार युक्तिवाद इथे सुरू होतो आणि मी तो टाळणार नाही. ते म्हणतात, छापखाने, करार, तिकिटं सगळ्यांनाच उपलब्ध होती, मग 'एरोइका' ही तिसरी सिंफनी एकट्या बीथोव्हेननेच का लिहिली? बरोबर आहे. 1805 साली ती जाहीरपणे वाजली तेव्हा लोकांना सवय होती त्याच्या जवळजवळ दुप्पट लांबीची सिंफनी त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि कुठलाही छापखाना सिंफनी लिहीत नाही. प्रतिभा ही गोष्ट व्यवस्थेतून वजा करता येत नाही आणि मला ती करायचीही नाहीये. पण प्रतिभेची उडी जिथून घेतली जाते ती जमीन बघायची की नाही? बीथोव्हेनचा 1798 साली छापलेला एक पियानो सोनाटा आहे, ओपस 10मधला तिसरा, डी मेजरमधला. त्याच्या पहिल्याच पानांत उजवा हात अष्टकाच्या जोडीने, म्हणजे एकच सूर दोन सप्तकांत एकदम वाजवत, वर वर चढत जातो आणि अगदी टोकाला पोचल्यावर वरचा सूर गायब होतो, खालचा एकटाच वाजतो. का? कारण तेव्हाच्या पियानोला पाच सप्तकं होती आणि पट्ट्या त्याच्या एक अर्धसूर अलीकडेच संपत होत्या. नंतरच्या अनेक पियानोवादकांनी तो राहिलेला सूर भरून टाकला, काही अजूनही तसाच मोकळा ठेवतात. मला दर वेळी ते ऐकताना वाटतं की वाद्याची शेवटची पट्टी आणि माणसाची इच्छा एकमेकांवर आदळल्याचा आवाज यात ऐकू येतो. वीस वर्षांनी बीथोव्हेनने 'हामरक्लाविअर' हा सोनाटा लिहिला तोपर्यंत सप्तकं सहाच्या वर गेली होती आणि तो सोनाटा ती सगळी वापरतो.

आणि तो पियानो तरी आला कुठून? फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात वाद्यांची देखभाल करणारा बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी, त्याने 1700च्या आसपास एक वाद्य बनवलं. हार्पसिकॉर्डमध्ये पिसाच्या दांडीने तार छेडली जायची, बोट हळू लावा की जोरात, आवाज तेवढाच. क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी मारली, आणि खरी करामत पुढेच आहे, मारल्या मारल्या ती हातोडी पट्टीपासून सुटून मागे पडते, नाहीतर तारेला चिकटून राहिली असती आणि आवाज दबला असता. त्याने बनवलेले तीन पियानो आज शिल्लक आहेत. बोटाच्या वजनावर आवाज लहानमोठा होणं ही गोष्ट काढून टाका आणि मग शोपँ, शुमान, लिस्ट यांच्यातलं किती उरतं ते सांगा. तरी यादीत क्रिस्तोफोरी नसतो.

आता कागदावरच्या संगीताचा आरोप नीट तपासू. आज एखाद्या सिंफनी ऑर्केस्ट्रात बसलेला व्हायोलिनवादक स्वतःच्या मनाने एक मुरकी घेत नाही, हे खरं आहे. पण बाखच्या काळातल्या कीबोर्डवाल्याच्या पुढ्यात काय असायचं? फक्त खालच्या सुरांची एक ओळ आणि त्यावर काही आकडे, 6, 7, 4-3 असे. बाकी सगळा स्वरमेळ त्याने तिथल्या तिथे भरायचा. कोरेल्लीच्या 1700च्या व्हायोलिन सोनाटांमधले संथ भाग छापील पानावर अगदी उघडेबोडके दिसतात, लांब लांब सूर, बस. ते तसे वाजवायचे नसतातच, ते वादकाने सजवायचे असतात, आणि लोकांना ती सजावट इतकी हवी होती की 1710च्या सुमारास अ‍ॅम्स्टरडॅमच्या एका प्रकाशकाने 'कोरेल्ली स्वतः वाजवतो तशी' असं सांगून सजावटीसकट नवी आवृत्ती काढली. दोन्ही पानं शेजारी ठेवून बघितली की बंदिश आणि बढत यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. 1747 साली पॉट्सडॅमला राजा फ्रेडरिकने बाखला एक अवघड सुरावट दिली आणि बाखने तिच्यावर समोर बसून तीन आवाजांचा फ्यूग, म्हणजे एकच सुरावट एकेका आवाजात पाठोपाठ आणून गुंफलेली रचना, आयत्या वेळी वाजवला. 22 डिसेंबर 1808च्या व्हिएन्नातल्या त्या चार तासांच्या कडाक्याच्या थंडीतल्या कार्यक्रमात, जिथे पाचवी आणि सहावी सिंफनी पहिल्यांदा वाजल्या, तिथे 'कोरल फँटसी'ची पियानोची सुरुवात बीथोव्हेनने आयत्या वेळी सुचेल तशी वाजवली, कागदावर ती नंतर उतरली.

श्रोत्यांचंही तेच. 1778च्या जुलैमध्ये मोझार्टने पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलंय. नव्या सिंफनीत त्याने एक जागा मुद्दाम अशी घातली होती की लोकांना आवडणारच, आणि ती आली तशी संगीत चालू असतानाच टाळ्या पडल्या. शेवटचा भाग त्याने दोनच व्हायोलिनगटांवर हळू सुरू केला, प्रेक्षकांत शू शू झालं, आणि पूर्ण वाद्यवृंद कडाडला तशा पुन्हा टाळ्या. त्याला इतका आनंद झाला की तो बाहेर पडून आइस्क्रीम खायला गेला. जागेवर दाद देणारा हा श्रोता आपल्या मैफलीतला नाही वाटत?

मग हे सगळं गेलं कुठे आणि कधी? 11 मार्च 1829, बर्लिन. वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सोनने तिथल्या झिंगअकाडेमी या गायनसंस्थेत बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन', म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाची गाऊन सांगितलेली कथा, उभं केलं, बाखला जाऊन तोवर 79 वर्षं झाली होती. बाखने ते लायप्झिगच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या उपासनेसाठी लिहिलं होतं, मोजक्या गायकांसाठी, मधे प्रवचन असायचं. मेंडेल्सोनने ते तिकीट लावलेल्या सभागृहात आणलं, दीडशेच्या आसपास लोकांचा कोरस, कित्येक गाणी कापली, जुनी वाद्यं मिळेनात म्हणून काही ठिकाणी क्लॅरिनेट घातली. सभागृह ओसंडून गेलं, लोक दारावरून परत गेले, आणि 21 मार्चला, बाखच्या वाढदिवशी, प्रयोग पुन्हा लावावा लागला. या दिवसापासून युरोपला सवय लागली मेलेल्या संगीतकारांना ऐकायची. अठराव्या शतकाच्या शेवटी लायप्झिगच्या गेवांडहाउस या सभागृहात जे वाजायचं त्यातले बहुतेक संगीतकार हयात असायचे, 1870 येईपर्यंत हे बरोबर उलटं झालं. संगीतकार हयात नसला की त्याला विचारता येत नाही, मग कागद पवित्र होतो, सजावट आगाऊपणा ठरते, टाळ्या असभ्य ठरतात. दुसऱ्या गटाला ज्या कोरडेपणाचा राग येतो तो इथून आलाय, ग्विदोकडून नाही.

यावर कुणी म्हणेल की बाख काही मेंडेल्सोनने शोधून काढलेला नाही, आणि हे अगदी खरं आहे. बीथोव्हेन पोरवयात बॉनला बाखचे प्रिल्यूड-फ्यूग वाजवायचा हे 1783 साली छापून आलेलं आहे, मोझार्ट 1789मध्ये लायप्झिगला बाखचं मोटेट, म्हणजे चर्चमधलं समूहगान, ऐकून थक्क झाला होता. लंडनमध्ये तर जुनंच संगीत वाजवणारी मंडळी 1776पासून होती आणि हँडल तिथे कधी थांबलाच नाही. जाणकारांना बाख माहीत होता, मी तेच म्हणतोय, जाणकारांना. त्याला सगळ्या संगीताचा पिता करणं हे त्यानंतरचं काम आहे, आणि ते कुणी आणि कशासाठी केलं हेही नोंदलेलं आहे. फोर्केल या जर्मन संगीत-इतिहासकाराने 1802 साली बाखचं पहिलं चरित्र लिहिलं ते मुखपृष्ठावरच देशाभिमानी संगीतप्रेमींसाठी असं सांगून, आणि तेव्हा युरोपात नेपोलियनचा जोर वाढत होता. 1850 साली बाखच्या समग्र आवृत्तीसाठी संस्था निघाली आणि पन्नास वर्षं ते काम चाललं. हे काम उत्तम झालं, त्याशिवाय आज आपल्याला बाख मिळाला नसता. पण यादी अशी बनली, आणि बनवणाऱ्यांनी आपल्या माणसांना आधी घेतलं.

कोण सुटलं ते बघायला लांब जायला नको. त्या 1829च्या प्रयोगात कोरसमध्ये फेलिक्सची मोठी बहीण फॅनी गात होती. तेरा वर्षांची असताना तिने बाखचे 24 प्रिल्यूड वडिलांना पाठ वाजवून दाखवले होते. त्याच वडिलांनी 1820 साली तिला लिहिलं की संगीत फेलिक्सचा व्यवसाय होईल कदाचित, तुझ्यासाठी मात्र ते दागिनाच राहील. तिची काही गाणी भावाच्या नावावर छापली गेली, आणि 1842 साली राणी व्हिक्टोरियाने फेलिक्ससमोर नेमकं त्यातलंच एक निवडून गायलं तेव्हा त्याला सांगावं लागलं की हे माझ्या बहिणीचं. तिचा 'ईस्टर सोनाटा' कित्येक वर्षं भावाचा म्हणूनच ओळखला गेला. ज्या घराने यादीचा पहिला खांब उभा केला त्याच घरात हे घडतंय. म्हणून 'सगळ्यात थोर कोण' हा वाद मला पोकळ वाटतो, त्याचं उत्तर कुणाला छापलं गेलं यावर आधीच ठरलेलं असतं.

आपल्याशी याचा संबंध काय असं विचारणाऱ्यांनी गोव्याकडे बघावं. ग्विदोच्या त्याच रेघा आणि तेच सा रे ग सारखे पाठ केलेले दो रे मी पोर्तुगीज चर्चबरोबर गोव्यात आले, गावोगावच्या चर्चशाळांत मुलं व्हायोलिन आणि सोल्फा, म्हणजे सुरांच्या नावांनी गाणं, शिकली, आणि त्यांचे वंशज मुंबईच्या सिनेमाच्या स्टुडिओंत बसले. संगीतकाराने हार्मोनियमवर चाल सांगायची आणि माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विससारख्या माणसाने ती पन्नास वादकांसाठी कागदावर उतरवायची, असं कित्येक वर्षं चाललं, आणि त्याच गोन्साल्विसकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. कागद म्हणजे सर्जनशीलतेचा शत्रू असेल तर ती सगळी गाणी निर्जीव म्हणावी लागतील. भातखंड्यांनी उस्तादांच्या पेटीतल्या बंदिशी लिहून छापल्या तेव्हाही ख्याल मेला अशी ओरड झालीच होती. मेला का?

आता शेवटचं, 1913. यादीवाल्यांना हे वर्ष म्हटलं की 29 मे आठवतो, पॅरिस, 'राइट ऑफ स्प्रिंग', थिएटरातला गोंधळ. रचना जबरदस्त आहे, पण गोंधळाला जे महत्त्व दिलं जातं ते मला पटत नाही, वर्षभरात एप्रिल 1914मध्ये त्याच शहरात ती नाचाशिवाय वाजली आणि लोकांनी स्ट्राव्हिन्स्कीला खांद्यावर घेतलं. त्याच 1913च्या नोव्हेंबरमध्ये बर्लिनला आर्थर निकिश या संचालकाने बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाला रेकॉर्डिंगच्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसवून बीथोव्हेनची पाचवी सिंफनी पूर्ण रेकॉर्ड केली, चार चार मिनिटांचे तुकडे करून, आवाज खरखरीत, खालची वाद्यं धड ऐकू न येणारी. अख्ख्या सिंफनीच्या पहिल्या काही रेकॉर्डिंगपैकी ती एक. त्याआधी आयुष्यात पाचवी ऐकायची तर ऑर्केस्ट्रा असलेल्या शहरात जन्माला यावं लागायचं, नाहीतर घरच्या पियानोवर दोघांनी बसून तिचा सांगाडा वाजवावा लागायचा. त्यानंतर तीच सिंफनी, तोच वाद्यमेळ, तोच वेग, ज्याच्याकडे यंत्र आहे त्याला दहा वेळा ऐकता यायला लागला, आणि वादकालाही पहिल्यांदाच कळलं की आपली कालची चूक उद्याही ऐकू येणार आहे. मी 1913समोर मे लिहिणार नाही, नोव्हेंबर लिहीन.